आधी तरंगणे, मग पोहणे

महोदय,

25 जुलै हा बुडण्याच्या घटना रोखण्यासाठीचा जागतिक दिवस असला, तरी आपल्याकडील उन्हाळी वर्गांत मुलांना पहिल्या दिवसापासून हातपाय मारायला लावतात आणि पालकही (मी त्यांतलाच एक) किती फेऱ्या झाल्या एवढेच विचारतात. अचानक पाण्यात पडलेल्या मुलाला वेगापेक्षा पालथ्याचे उताणे होऊन श्वास घेत तरंगत राहता येणे अधिक उपयोगी पडते. कान बुडेपर्यंत डोके मागे टेकवून, छातीत हवा भरून हात पसरले की शरीर बहुधा वर राहते. घाबरून मान उचलताच मात्र पाय खाली जातात. विहिरीत पाठीला वाळलेला भोपळा बांधून शिकवणारी जुनी मंडळी आधी ही भीतीच घालवत. वर्गांनी पहिला आठवडा उथळ पाण्यात, प्रशिक्षकाच्या हाताच्या अंतरावर, केवळ तरंगण्यासाठी आणि वळण्यासाठी राखावा.

— एक पालक, सातारा