गव्हर्नरला पत्र टाकण्याआधी

कारंजा तालुका,
संक्रांतीच्या चार दिवस आधी

प्रिय गजू,

तुझा मेसेज आला तेव्हा मी वावरात होतो. या आठवड्यात लाईन रात्रीची आहे, त्यामुळं गव्हाला पाणी द्यायला रात्री दहाला निघावं लागतं. मोटर सुरू केली, धुऱ्यावर पऱ्हाटी पेटवली आणि शेकत शेकत तुझा तो लांबलचक संताप वाचला. थंडी एवढी होती की उत्तर टाइप करायला बोटं वळेनात. आणि खरं सांगू, हे काम मोबाईलवरचं नव्हेच. म्हणून आज दुपारी ओसरीवर बसून कागदावर लिहितो आहे.

समृद्धीत गेलेल्या जमिनीच्या पैशातले सहा लाख काकांनी त्या मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणाऱ्या, पतसंस्थेत ठेवले, ती बसली, काका गेले आणि आता काकू पावत्यांची पिशवी घेऊन फिरतात. हे मला तुझ्याआधी ठाऊक होतं रे. महिन्यातून दोनदा मीच त्यांना घेऊन तालुक्याला जातो. शटर बंद, बाहेर वीस-पंचवीस म्हातारे बसलेले, आणि प्रत्येकाच्या तोंडी तुझंच वाक्य: "रिझर्व्ह बँक काय झोपली होती काय?" तू तर गव्हर्नरलाच पत्र टाकणार म्हणतोस. टाक, पण ते चुकीच्या दारात पडेल.

छत्तीस वर्षं बँकेच्या काउंटरमागं बसलो, तरी गावातल्या माणसांना ही एक गोष्ट समजावता आली नाही, याचं मला वाईट वाटतं. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. काउंटर असतं, कॅशिअर असतो, पासबुक असतं, भिंतीवर लक्ष्मीचं कॅलेंडर असतं, पण रिझर्व्ह बँकेचा परवाना नसतो. राज्यातली पतसंस्था १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली, म्हणजे सहकार आयुक्त आणि निबंधकांच्या हाताखाली. मल्टिस्टेट असली तर २००२ चा केंद्राचा कायदा लागू, आणि तिचा निबंधक दिल्लीत. रिझर्व्ह बँकेचा माणूस तिच्या दप्तराला हात लावू शकत नाही. ठेवीला विम्याचं कवचही नाही. असल्या काही संस्था नावात 'बँक' शब्द लावतात आणि सभासद नसलेल्यांच्या ठेवी घेतात, त्यांच्यापासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०२१ मध्ये पत्रक काढून सांगितलं होतं. पण ते पत्रक आपल्या पारावर कोण वाचणार? पारावर वाचला जात होता तो पतसंस्थेचा फलक, बँकेपेक्षा चार टक्के जास्त व्याजाचा.

काकांना मी बोललो होतो, पण सांगावं तेवढं जोर देऊन नाही. संचालकांमध्ये आपल्याच ओळखीची माणसं होती, आणि मीही म्हटलं, एवढं काय होतंय.

आता तू विचारलंस की मग रिझर्व्ह बँक नेमकं बघते तरी काय. ती बँका बघते आणि बहुतेक कागदातून बघते. त्या कागदांतले काही मीच भरलेले आहेत, म्हणून जरा अधिकारानं सांगतो.

मी १९८५ मध्ये लागलो तेव्हा शाखेत दर दुसऱ्या शुक्रवारी एक गडबड असायची. आम्ही त्याला 'फ्रायडे स्टेटमेंट' म्हणायचो. त्या संध्याकाळी ठेवी किती, कर्ज किती, रोकड किती, हे आकडे फोनवर ओरडून प्रादेशिक कार्यालयाला सांगायचे. फोन लागला नाही तर तारघरात पळायचं. तिथून ते मुख्यालयात, आणि मुख्यालय साऱ्या बँकेची बेरीज रिझर्व्ह बँकेला द्यायचं. त्या बेरजेवर ठरायचं की बँकेनं ठेवींचा किती हिस्सा रिझर्व्ह बँकेकडं रोख ठेवायचा आणि किती सरकारी रोख्यांत अडकवायचा. हा दुसरा हिस्सा गेली काही वर्षं अठरा टक्के आहे. मी लागलो तेव्हा तो त्याच्या दुप्पट होता, म्हणजे शंभरातले छत्तीस-सदतीस रुपये बँकेला सरकारकडंच ठेवावे लागत. आमच्या खेड्यातल्या म्हातारीच्या पाचशे रुपयांचा रोखे बाजाराशी असा संबंध आहे, हे मला नोकरीच्या दहाव्या वर्षी एका प्रशिक्षणात कळलं. तोवर मी नुसताच ओरडत होतो.

दुसरा कागद मार्चअखेरचा. १९७२ पासून रिझर्व्ह बँक शाखाशाखांतून कर्जाचा तपशील मागवते: कर्ज कोणत्या धंद्याला, कोणत्या जिल्ह्यात, किती व्याजानं. प्रत्येक धंद्याला एक कोड. रात्री अकरा वाजता, डोळ्यांवर झोप असताना, दालमिलचा कोड कोणता आणि जिनिंगचा कोणता हे पुस्तकात शोधत बसायचो. सापडला नाही तर मागच्या वर्षी जो टाकला तोच. हसू नको. देशाची आकडेवारी अशा कितीतरी पेंगुळलेल्या कारकुनांनी मिळून तयार केलेली आहे, आणि तरी ती बऱ्यापैकी खरी निघते, हे मला आजही नवल वाटतं.

हल्ली हे सगळं संगणक आपोआप पाठवतो. पाच कोटींच्या वरचा कर्जदार कुठल्या बँकेत किती बुडतो आहे, हे २०१४ पासून रिझर्व्ह बँकेला एकाच जागी दिसतं. हप्ता तीस दिवस थकला, साठ दिवस थकला, की खात्याला वेगवेगळा शिक्का, आणि नव्वद दिवस उलटले की एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. पीककर्जाला मात्र दिवस मोजत नाहीत, हंगाम मोजतात: कमी मुदतीच्या पिकाला दोन हंगाम. हा नियम ज्यानं केला त्यानं कधीतरी वावर पाहिलं असावं.

पण कागद किती खरं बोलतो? इथं तुला नवं-जुनं आठवत असेल. तुझ्या बाबांनीही केलं आहे, माझ्या बाबांनीही. परतफेडीची तारीख जवळ आली की खिशात पैसा नसतो, कारण कापूस विकून तो लग्नात, दवाखान्यात, नाहीतर दुकानदाराच्या उधारीत गेलेला असतो. मग गावातलाच एखादा दोन दिवसांसाठी रक्कम देतो, शंभराला दोन-तीन रुपये कापून. ती बँकेत भरायची, जुनं खातं निल, लगेच नवं कर्ज मंजूर, ते काढून सावकाराला परत. काउंटरवर मी पैसे मोजून घ्यायचो आणि तेच बंडल तिसऱ्या दिवशी मोजून द्यायचो. कधीकधी रबर बँडसुद्धा तोच. माझ्या स्टेटमेंटमध्ये मात्र 'वसुली: शंभर टक्के'. कोणी खोटं लिहिलं नव्हतं, पैसे खरंच आले होते. फक्त शेतकऱ्याकडं काहीच नव्हतं, हे सांगायला त्या कागदात रकाना नव्हता.

मोठ्या माणसांचं नवं-जुनं मोठं. शेकडो कोटींची कर्जं थकली की बँका त्यांना नवं कर्ज देऊन जुनं फेडून घेत, किंवा मुदत वाढवून देत, आणि ताळेबंद गोरागोमटा दिसे. २०१५ मध्ये रघुराम राजन गव्हर्नर असताना रिझर्व्ह बँकेनं बँकांची मोठी खाती एकेक करून उघडून बघितली, आणि म्हणाली, हे एनपीए दाखवा. मार्च २०१८ ला देशातल्या बँकांची थकीत कर्जं अकरा टक्क्यांच्या वर गेलेली दिसली. कर्जं काही एका रात्रीत बुडाली नव्हती, झाकण तेवढं निघालं होतं. त्या काळात अकरा सरकारी बँकांवर निर्बंध आले, आपल्या महाराष्ट्र बँकेवरही २०१७ मध्ये आले आणि जानेवारी २०१९ मध्ये उठले. मार्च २०२४ ला तोच आकडा तीन टक्क्यांच्या आत आला होता. बरंचसं कर्ज वसूल झालं, बरंचसं नुसतं खतावणीतून पुसलं गेलं. आकडा उतरतो तेव्हा कशानं उतरला, हेही विचारायचं असतं.

हे आकडे कुठं मिळतात म्हणशील. १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्यानुसार रिझर्व्ह बँकेला दरवर्षी केंद्र सरकारला बँकांच्या स्थितीचा अहवाल द्यावा लागतो. तो बहुधा डिसेंबरअखेर येतो आणि साइटवर फुकट असतो. शिवाय वर्षातून दोनदा वित्तीय स्थैर्याचा अहवाल. निवृत्त झाल्यापासून मी दोन्ही चाळतो. बायको म्हणते, "पेन्शन घेऊनबी बँक सुटेना काय तुमची?" पण त्याआधी मी साइटवर वेगळे मिळणारे ठेवी-कर्जांचे जिल्हावार तक्ते काढतो. आपल्या जिल्ह्यात लोकांनी ठेवलेल्या शंभर रुपयांपैकी किती इथं कर्ज म्हणून परत आले आणि किती मुंबईकडं गेले, ते त्यात दिसतं. चाळीसच्या खाली गेलं तर जिल्ह्यात खास उपसमिती बसवून त्याच्यावर बोलायचं असतं, असा नियम आहे.

रिझर्व्ह बँक दंडही करते, आणि ते जाहीर करते. ती पत्रकं वाचत जा, मजा असते. अमुक बँकेला अमुक लाख दंड, कारण तमुक निर्देश पाळले नाहीत, आणि शेवटी ठरलेलं वाक्य: ही कारवाई नियमपालनातल्या उणिवांसाठी आहे, ग्राहकांशी झालेल्या व्यवहारांच्या वैधतेबद्दल काही म्हणायचं नाही. मास्तरनं पोराला छडी मारावी आणि बापाला सांगावं, पोरगं गुणाचं आहे हो, तसं.

आणि परवाना असला, तपासणी असली, तरी सगळं ठीकच असतं असं मी तुला सांगणार नाही. मुंबईची पीएमसी बँक रिझर्व्ह बँकेच्याच देखरेखीखाली होती. एकाच बिल्डरला दिलेलं कर्ज तिनं एकवीस हजारांवर बनावट खात्यांमागं लपवलं. सप्टेंबर २०१९ मध्ये ते उघडं पडलं तेव्हा खातेदाराला आधी फक्त हजार रुपये काढायची मुभा होती. तिथं तुझा प्रश्न रास्त आहे, आणि तिथं मीही तोच विचारतो. त्यानंतर ४ फेब्रुवारी २०२० पासून ठेवविम्याची मर्यादा एक लाखाची पाच लाख झाली. ती एक लाखावर १९९३ पासून अडकून होती. पुढच्या वर्षी कायदा बदलून निर्बंध आल्यावर नव्वद दिवसांत विम्याची रक्कम द्यायची असं ठरलं. प्रत्येक सुधारणा कुणाचं तरी बुडाल्यावरच येते. हा ठेवविमासुद्धा १९६० मध्ये पलाई सेंट्रल आणि लक्ष्मी या दोन बँका बुडाल्या म्हणून १९६२ मध्ये सुरू झालेला.

आता काकूंचं. त्यांचे उरलेले अकरा लाख एकाच बँकेत आहेत, दोन शाखांत. दोन शाखा म्हणजे विमा दोनदा नव्हे. एका बँकेतल्या साऱ्या शाखा मिळून पाच लाख, तेही व्याज धरून. बँक सरकारी आहे, झोप उडवून घेऊ नको, पण मुदत संपेल तशी थोडी रक्कम दुसऱ्या बँकेत किंवा पोस्टात हलव.

पतसंस्थेसाठी गव्हर्नरऐवजी दिल्लीच्या केंद्रीय निबंधकांकडं तक्रार कर. २०२३ मध्ये कायदा बदलून मल्टिस्टेट संस्थांच्या ठेवीदारांसाठी सहकार लोकपालाचीही सोय झाली आहे. आणि पोलिसांत १९९९ च्या ठेवीदार संरक्षण कायद्याखाली, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात, काकूंचं नाव घालून घेऊ. त्यात संचालकांची मालमत्ता जप्त करता येते. वेळ लागेल, वर्षंही लागतील. पण यादीत नाव नसेल तर मालमत्ता विकली गेली तरी आपल्याला काही मिळायचं नाही.

रिझर्व्ह बँकेच्या दारात जायचंच असेल तर तुझं दुसरं काम आहे. बाबांच्या कर्जमाफी झालेल्या पीककर्जाची थकबाकी सिबिलमध्ये, म्हणजे कर्जदारांची नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडं, अजून दिसते, असं तू दिवाळीत म्हणाला होतास. ते बँकेचं काम आहे, तिथं तुझा हक्क चालतो. बँकेत आणि सिबिलकडं लेखी तक्रार दे, पोच घे. तीस दिवसांत दुरुस्त झालं नाही तर पुढच्या दर दिवसाला शंभर रुपये भरपाई, हा २०२४ पासूनचा नियम. बँक दाद देत नसेल तर तीस दिवसांनंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं. फी नाही, वकील नको, माहितीसाठी १४४४८ ला फोन लाव. गेल्या वर्षी शेजारच्या गावातल्या एकाचं मी असंच करून दिलं, ते अडीच महिन्यांत झालं. कायद्यापेक्षा पोच जास्त कामी आली. त्याआधी मॅनेजर त्याला सहा वेळा "पुढच्या सोमवारी" म्हणाला होता.

तूर सोंगून झाली, खळ्यात आहे. भाव बघून विकीन. तू संक्रांतीला येतोस असं काकू सांगत होत्या. येताना तुझ्या आणि काकूंच्या आधारच्या झेरॉक्स, काकांच्या मृत्यूच्या दाखल्याच्या चार प्रती आण. पावत्यांच्या मूळ प्रती कुणाच्याच हातात द्यायच्या नाहीत, तालुक्यात सध्या "मी काढून देतो" म्हणणारे बरेच निघाले आहेत.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाळ्या

ता. क. पत्र बंद करत होतो तेवढ्यात काकू आल्या. पिशवीतली एक पावती काढून म्हणाल्या, "हे पाय बरं बाळू, याच्यावर बँकच लिहून हाय न?" पाहिलं तर खरंच, संस्थेच्या नावाखाली बारीक अक्षरात 'आपली हक्काची बँक' असं छापलेलं आहे. त्या पावतीचा फोटो काढून ठेवला आहे. तक्रारीला तोच पहिला कागद लावू.