एका घरात दोन सुट्ट्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी जावली तालुक्यातल्या बामणोली भागात राहते. कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या वरच्या अंगाला आमची वाडी आहे, मोजून सतरा उंबरे. माहेर कराडकडचं, उसाच्या मुलखातलं. लग्न होऊन इथं आले त्याला आता अठरा वर्षं झाली. पत्र लिहायचं कारण म्हणजे गेल्या पंधरवड्यात शाळेत झालेली पालकांची सभा. आमच्या भागातल्या प्राथमिक शाळांची पावसाळी सुट्टी बंद करावी आणि सगळ्या महाराष्ट्रासारखी मे महिन्याची सुट्टी द्यावी, अशी मागणी तिथं चार जणांनी केली. मी बोलायला उभी राहिले, पण अंधार पडायच्या आत सगळ्यांना घर गाठायचं होतं. माझं बोलणं अर्धंच राहिलं, ते इथं पूर्ण करते.

खाली सपाटीवर राहणाऱ्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला जिथं पाऊस फार पडतो, तिथल्या बऱ्याच जिल्हा परिषद शाळांची मोठी सुट्टी उन्हाळ्यात नसून पावसाळ्यात असते. मेमध्ये थोडे दिवस सुटले तर सुटले, पण बाकी गावांतली पोरं जेव्हा मामाच्या घरी असतात तेव्हा आमची पोरं सकाळच्या शाळेत पाढे म्हणत असतात, आणि खाली शाळा भरल्या की ऐन लावणीत आमची शाळा सुटते.

लग्नानंतर पहिल्या वर्षी मलाही हे उलटं वाटलं होतं. मग आषाढ आला. कराडला आम्ही पाऊस म्हणायचो तो इथं कुणी पाऊस म्हणून मोजतसुद्धा नाही. दुपारी बारा वाजता घरात दिवा लावावा लागतो, आणि वीज तर चार-चार दिवस नसते. पडवीत शेणी आणि लाकडं रचून ठेवलेली, त्यावर कापडं वाळत घातलेली, आणि तरी अंगात घालताना ओलीच. पावसाची तिरकी मार बसते त्या बाजूच्या भिंतींना गवताचे ताटवे बांधतात, नाहीतर भिंत विरघळून जाईल. समोरच्या आंब्याचं झाड धुक्यात आठ-आठ दिवस दिसत नाही. वाडीपासून शाळा दीड मैल, मध्ये दोन ओढे. एकावर साकव आहे, दुसऱ्यावर अजून नाही. सहा वर्षांच्या पोराला त्या ओढ्यातून पाठवायचं म्हणजे आईनं उरलेला दिवस जीव मुठीत धरून काढायचा.

सभेत एक भाऊ म्हणाले, आता डांबरी रस्ता झाला, शाळेवर स्लॅब टाकला, जुनं कारण उरलं कुठं? रस्ता झाला हे खरं, आणि त्याचं मोलही मला कळतं. माझं धाकटं पोर त्याच रस्त्यानं रात्री साताऱ्याला नेऊन वाचवलंय. पण रस्त्यावर येणारी दरड कुणी थांबवलेली नाही. जुलै २०२१ मध्ये शेजारच्या पाटण तालुक्यात आंबेघर, मीरगाव, ढोकावळे इथं डोंगर घरांवर आला, माणसं झोपेत गेली. त्या रात्री आमच्या वाडीत कुणी डोळा लावला नव्हता. पुढचे कित्येक दिवस एसटी आली नाही. त्या वर्षी कोरोनामुळं प्राथमिक शाळा तशाही बंद होत्या, म्हणून आमची बारकी पोरं घरात होती, डोळ्यांसमोर होती. शाळा चालू असती आणि पावसाळी सुट्टी नसती, तर ती कुठल्या वाटेवर असती, याचा विचार आजही नको वाटतो.

आणि ही सुट्टी नुसती घरात बसायची नसते. आमचं भात आषाढात लागतं. तरवा म्हणजे भाताची रोपं काढायची, चिखलणी करायची, लावायचं, वर उतारावर नाचणीही लावायची. हे सगळं तीन-चार आठवड्यांत उरकावं लागतं. आमचे मालक, म्हणजे पोरांचे वडील, नवी मुंबईच्या बाजारात माथाडी आहेत. आमच्याच डोंगरभागातल्या अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची संघटना बांधली आणि १९६९ साली त्यांच्यासाठी कायदा झाला, त्यावर आमच्यासारखी कितीतरी घरं उभी आहेत. मालक लावणीला आठ-दहा दिवस रजा काढून येतात. बाप आणि पोरं एका वाफ्यात असतात असे वर्षातले तेवढेच दिवस. सात वर्षांचा धाकटा तरव्याच्या पेंड्या बांधावरून फेकतो, त्याची चौथीतली बहीण झेलते. डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ, आतून अंग घामानं भिजलेलं. आजी चुलीपाशी बसून हुलग्याचं माडगं ढवळत असते. घरी आल्यावर ते गरम माडगं आणि नाचणीची भाकरी पोटात गेली की पोरं भिंतीला टेकल्या टेकल्या झोपतात. ह्याला कुणी बालमजुरी म्हणेल म्हणून सांगते, त्यांना कुणी कामाला जुंपत नाही. नको म्हटलं तरी ती येतात, आणि बेडूक दिसला की काम सोडून पळतात.

बेंदूर आणि नागपंचमी, दोन्ही सण बहुतेक याच सुट्टीत येतात. बेंदराला वाफ्यातल्या मातीचे बैल पोरं स्वतः करतात, विकतचे आणत नाहीत. पंचमीला तवा ठेवायचा नाही, चिरायचं नाही, म्हणून दिंडं उकडायची. पडवीच्या आढ्याला झोका बांधायचा आणि बाहेर पाऊस कोसळत असताना बायकांनी आणि पोरींनी आळीपाळीनं गाणी म्हणायची. वाडीत एवढी माणसं पुन्हा गणपतीलाच दिसतात.

म्हणून पावसाळी सुट्टी बंद करू नका, ही माझी पहिली विनंती. पण एवढंच सांगायचं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं.

माझी थोरली मुलगी नववीत आहे. तिचं हायस्कूल खालच्या गावात आहे आणि त्याला मे महिन्याची सुट्टी असते. म्हणजे एका घरात दोन सुट्ट्या. एप्रिल सरता सरता थोरली घरी येते तेव्हा धाकटी दोघं सकाळी सातला दप्तर उचलतात. आषाढात धाकटी घरी असतात तेव्हा थोरली नसते. एसटीचा भरवसा नसल्यामुळं जून ते ऑगस्ट ती साताऱ्याला आत्याकडं राहून शाळा करते. आत्या जीव लावते, त्याबद्दल तक्रार नाही. पण बाप लावणीला येतो तेव्हा ती भेटत नाही. गेल्या वर्षी बेंदराला तिनं फोनवर विचारलं, माझा बैल कुणी केला? धाकट्यानं केला होता, तिच्या नावाचा, एक शिंग मोडलेला. तो मी फडताळात ठेवला आणि गणपतीला आल्यावर तिच्या हातात दिला.

तीन वर्षं हे असंच चाललंय. आमच्या घरातली सगळी माणसं एका वेळी जेवायला बसतात ती गौरी-गणपतीत. तेरड्याची गौर घरात येते, पहिल्या दिवशी भाजी-भाकरीचा नैवेद्य दाखवतो, रात्री झिम्मा-फुगडी होते आणि विसर्जन झालं की पुन्हा प्रत्येकाची वाट वेगळी. दिवाळी आहे म्हणाल, तर दिवाळीत बाजाराला कामाचा जोर असतो, मालकांना रजा मिळत नाही. शेणाच्या गवळणी आणि पांडव आम्ही चौघी-पाचजणीच करतो.

दुसरी गोष्ट यात्रेची. आमच्या ग्रामदैवताची यात्रा वैशाखात असते. धरण झालं तेव्हा नदीकाठची जमीन आणि घरं पाण्याखाली गेली आणि आमची निम्मी भावकी रायगड, ठाणे, सोलापूर, सांगलीकडं नेऊन बसवली. सासूबाई अजून पाण्याकडं बोट करून सांगतात, तिथं खळं होतं, तिथं देवाची पहिली जागा होती. ती सगळी भावकी वर्षातून एकदा यात्रेला येते. सोलापूरकडून आलेले चुलत सासरे आमच्या पोरांना पहिल्यांदा भेटले ते यात्रेतच. रात्रभर छबिना चालतो, पालखी दारोदारी येते. आणि पोरांना सुट्टी एकच दिवस, तीही मुख्याध्यापकांच्या अधिकारातली. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं पेंगत शाळेत जातात आणि परत येईपर्यंत पाहुण्यांच्या गाड्या गेलेल्या असतात. यंदा माझी लेक दप्तर टाकून रस्त्यापर्यंत धावली, पण तिला तिची सोलापूरची बहीण दिसली नाही. वैशाखात शाळा भरवायची तर यात्रेला निदान दोन दिवस द्यावेत. मुख्याध्यापकांच्या अधिकारातले दोन्ही दिवस तिथं वापरता येतील.

गुरुजींची बाजूही मांडायला हवी. आमच्या शाळेत दोनच शिक्षक. दोघांची घरं साताऱ्यात आणि त्यांच्या स्वतःच्या मुलांना मेमध्ये सुट्टी. ते इथं आमच्या पोरांना शिकवतात तेव्हा त्यांची पोरं बापाशिवाय सुट्टी काढतात. सभेत एक गुरुजी हे बोलले तेव्हा त्यांचा आवाज जड झाला होता. जे दुःख मी माझ्या घरात सोसते तेच त्यांच्याही घरात आहे, आणि त्यावर माझ्याकडं पुरा उपाय नाही. पण त्यासाठी सहा-सात वर्षांची पोरं आषाढात ओढ्यात घालायला मी कबूल होणार नाही.

हायस्कूलचं मात्र जमू शकतं असं मला वाटतं. शिक्षण हक्क कायद्यात पाचवीपर्यंत २०० दिवस आणि सहावी ते आठवी २२० दिवस शाळा भरली पाहिजे, एवढं आहे. वर्षाच्या सुट्ट्या ७६ च्या वर जायच्या नाहीत, हा आपल्या राज्याचा नियम. सुट्टी कुठल्या महिन्यात घ्यायची हे ऋतू बघून ठरवता येतं, म्हणून तर प्राथमिकला ही सोय झाली. मग त्याच पावसात, त्याच दरडीखालून जाणाऱ्या आठवी-नववीच्या पोरांना ती का नको? दहावीचं वेगळं आहे, त्यांना बोर्डाच्या वेळापत्रकाप्रमाणं चालावं लागणार, हे समजतं. पण आठवी-नववीचा विचार व्हावा. अतिपावसाच्या पट्ट्यातल्या माध्यमिक शाळांच्या संस्थांनी आणि शिक्षण खात्यानं एकदा आमच्यासारख्या आईबापांना बसवून विचारावं. बैठक मात्र जुलैत ठेवावी आणि साहेबांनी त्या दिवशी स्वतः इथपर्यंत यावं.

पत्र लिहिता लिहिता सकाळची शाळा सुटायची वेळ झाली. थोरली पडवीत करवंदं निवडते आहे, धाकटी दोघं येतील तेव्हा निम्मी त्यांच्यासाठी बाजूला काढून. येत्या रविवारी मालक एका दिवसाची रजा काढून येणार आहेत. रविवारी कुणालाच शाळा नसते. करवंदं संपायच्या आत सगळ्यांनी मिळून वरच्या सड्यावर, डोंगरमाथ्याच्या पठारावर जायचं ठरलं आहे. सासूबाईंचे गुडघे साथ देत नाहीत, त्यांना खालच्या जांभळीपर्यंत तरी नेऊ.

आपली,
एक आई
बामणोली भाग, ता. जावली, जि. सातारा