कल्पित काय, ते नाटकातच दिसावे

महोदय,

ऐतिहासिक व्यक्तीवर नाटक आले की ‘इतिहासाची मोडतोड’ हा आरोप आणि ‘कलावंताचे स्वातंत्र्य’ हे उत्तर ठरलेले असते. हे स्वातंत्र्य नाटककार कोणत्या मार्गाने मिळवतो, याची चर्चा मात्र क्वचितच होते. १९७२ साली रंगभूमीवर आलेल्या दोन नाटकांच्या आधारे त्याविषयी लिहीत आहे.

वसंत कानेटकरांनी ‘हिमालयाची सावली’ लिहिताना महर्षी धोंडो केशव कर्वे आणि बाया कर्वे यांचा संसार डोळ्यांसमोर ठेवला, पण नायकाचे नाव ठेवले नानासाहेब भानू. कर्व्यांच्या चरित्रात १८९३ चा पुनर्विवाह, १८९६ चा अनाथ बालिकाश्रम, १९१६ चे महिला विद्यापीठ असे टप्पे ओळीने येतात आणि पत्नी त्यांच्या कडेला उभी राहते. नाव बदलल्यामुळे कानेटकरांना हा क्रम बाजूला सारता आला, आणि लोकसेवेची किंमत घरात कोणी मोजली हा प्रश्न नायकाची पत्नी बयो हिच्या तोंडून, तिच्या फटकळ बोलीत, थेट विचारता आला. चरित्रकाराला इतके मोकळे होता येत नाही.

विजय तेंडुलकरांनी ‘घाशीराम कोतवाल’मध्ये नावे बदलली नाहीत. कोतवाल घाशीराम पुण्यात होता आणि १७९१ साली, कोंडलेले ब्राह्मण गुदमरून मेल्यानंतर, तो जमावाच्या हातून मारला गेला, हा इतिहास आहे. घाशीरामाने आपली मुलगी द्यायची आणि तिच्या मोबदल्यात कोतवाली घ्यायची, हा ज्या सौद्यावर सारे नाटक उभे आहे तो मात्र पुराव्याने सिद्ध झालेला नाही. नाना फडणवीसांच्या नावावर तो लागला म्हणून अनेकजण दुखावले, आणि ते दुखावणे मला खोटे वाटत नाही. तरीही माणसांचीच भिंत, तिचे क्षणात होणारे पडदे, कीर्तन आणि लावणी यांची सरमिसळ पाहणाऱ्याला हे नाटक म्हणजे बखर नव्हे, हे पहिल्या प्रवेशापासून कळत असते.

एकाने नावातून आणि दुसऱ्याने रचनेतून आपली कल्पना उघड केली. माझी तक्रार आहे ती या दोहोंपैकी काहीच न करणाऱ्या नाटकांविषयी. खरी नावे, खऱ्या तारखांची निवेदने, काळाला धरून शिवलेली वेशभूषा असा सारा थाट इतिहासाचा ठेवायचा आणि त्यातच कधी न घडलेली भेट किंवा कधी न उच्चारलेली प्रतिज्ञा घालायची, यामुळे ते टाळ्यांचे संवाद पुढे त्या थोर व्यक्तींचीच वचने म्हणून भाषणांत आणि शालेय स्पर्धांत फिरू लागतात.

ऐतिहासिक नाटकाची संहिता छापताना कोणते प्रवेश व पात्रे कल्पित आहेत, याचे एक पानभर टिपण नाटककाराने स्वतः जोडावे आणि प्रकाशकांनी तसा आग्रह धरावा, अशी माझी विनंती आहे. शाळा-महाविद्यालयांत अशा नाटकांतील उतारे निवडणाऱ्या शिक्षकांना त्याचा सर्वाधिक उपयोग होईल.

आपला,
एक नाट्यरसिक वाचक, सांगली