पालकांसाठी सूचना: रोजचे निरोप आणि शनिवारची बैठक

सर्व पालकांना नमस्कार,

येत्या सोमवारपासून मुलांबद्दलचे निरोप फक्त दोन ठिकाणी द्यावेत: दारापाशी ठेवलेल्या नोंदवहीत किंवा पाळणाघराच्या फोनवर. ताईंच्या स्वतःच्या नंबरवर मेसेज टाकू नयेत. त्या मुलांजवळ असताना फोन बाजूला ठेवतात, आणि तेच योग्य आहे.

सकाळी सोडताना एवढं जरूर लिहा: रात्री झोप कशी झाली, शेवटचं खाणं किंवा दूध किती वाजता, औषध दिलं असल्यास कोणतं, किती आणि केव्हा. औषधाची नोंद सर्वांत महत्त्वाची. सकाळी तापाचं औषध दिलेलं मूल काही तास हसतंखेळतं दिसतं आणि औषधाचा असर उतरला की पुन्हा ताप चढू शकतो. ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त असेल तर मुलाला घरीच ठेवा. औषधाशिवाय २४ तास ताप आला नाही की पाठवा.

न्यायला दुसरं कोणी येणार असेल तर आधी कळवा. नाव नोंदवलेलं नसेल तर मूल सोपवणार नाही, मग सख्खे आजोबा का असेनात! राग मानू नये.

घरात काही बदल झाला असेल, नवं बाळ, आजारपण, घर बदलणं, तर एका ओळीत सांगा. कारण विचारणार नाही. मूल का रडतंय एवढं समजतं.

शनिवारी सकाळी १० वाजता मोठ्या खोलीत अर्ध्या तासाची बैठक आहे. प्रत्येक घरातून एकाने यावं. संपर्काचे नंबर तेव्हाच तपासून घेऊ.

– पाळणाघर व्यवस्थापन