‘प्लस’च्या बातमीत टीएमसी कुठंय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘उजनी अखेर प्लसमध्ये’, म्हणजे भीमेवरच्या उजनी धरणाचा साठा शून्य टक्क्याच्या वर आला, ही कालच्या अंकातली बातमी वाचली. आनंद आम्हालाही झालाच. दौंडहून धरणात येणारा विसर्ग वाढला की इथं बॅकवॉटरला घराघरांत तोच आकडा बघत बसतात. पण शून्य टक्क्याला धरणात ६३.६६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी असतं, हे बातमीत एका ओळीनंही नाही. वरचा उपयुक्त साठा ५३.५७. म्हणजे उजनीचा मृतसाठाच, टक्क्यांत न धरलेलं तळाचं पाणीच, मोठा. टक्के मोजायचे वरच्या पाण्याचे आणि उपसायचं मात्र खालचंही, हा हिशेब वाचकाला कोण सांगणार?

२०२४ला जानेवारीतच धरण मायनसमध्ये गेलं आणि पावसाळ्याच्या तोंडावर वजा ६०ला टेकलं. शहरातल्या माणसाला वाटलं, धरण आटलं. आटलं नव्हतं, मृतसाठ्यातलं ३२ टीएमसी ओढून काढलं होतं. उरलेल्यात गाळ किती नि पाणी किती, हे विचारायला आमच्याकडं कुणी फिरकलं नाही.

माझी पाण्याची मोटार करमाळा तालुक्याच्या काठावर आहे. धरण ४९६.८३ मीटरला भरतं, ४९१.०३च्या खाली मायनस. मधे सहा मीटरसुद्धा नाहीत. पण इथली जमीन इतकी सपाट, की पाणी हातभर उतरलं तरी काठ कुठल्या कुठं जातो. त्या उन्हाळ्यात मी मोटार चार वेळा खाली नेली. दर खेपेला वाढीव पाइप, वाढीव केबल. शेवटी जेसीबी लावून दोन दिवस चर खणला, पाणी मोटारीपर्यंत आणलं आणि आठवड्याच्या आत ते चराच्या तोंडाखाली गेलं. दोन एकर ऊस उभा जळाला. त्याच दिवसांत आमच्या बुडालेल्या विहिरीचं थारोळं, मोटेचं पाणी पडायचं ते दगडी कुंड, उघडं पडलं. धरणात आमची नऊ एकर गेली, त्यातली ती विहीर. वडिलांनी थारोळ्यावरचा गाळ हातानं निपटला आणि ऊन उतरेपर्यंत तिथंच बसून राहिले. घरी आल्यावर जेवले नाहीत.

सोलापूरला पाणी मिळू नये असं मी कधीच म्हणणार नाही, तहान सगळ्यांची सारखी. पण सोलापूरला पाणी देणारा भीमेवरचा औज बंधारा भरायला नदीतून पाणी सोडलं की पोचतं त्याच्या कितीतरी पट धरणातून जातं. त्या वर्षीही तसंच गेलं, आणि ते आमच्या मोटारीखालून गेलं. कालवा सल्लागार समितीत आवर्तनं, म्हणजे पाणी सोडायच्या पाळ्या, ठरतात तेव्हा मृतसाठ्याचा तळ कुठं धरायचा, हेही तिथंच ठरून जाहीर व्हायला हवं. तुमच्याकडून एवढंच हवं, की रोज टक्क्यांशेजारी एकूण टीएमसी आणि पाणीपातळी मीटरमध्ये छापा. चार शब्दांची जागा लागेल.

आणि बातमीसोबत निळ्याशार पाण्याचा फोटो कशाला? पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून आमच्यात येतं. काठाला हिरवी साय धरते, पाण्यात उतरलं की पायांना खाज सुटते, माझी म्हैस त्याला तोंड लावत नाही. तुमचा फोटोग्राफर पाठवा. मी स्वतः त्याला काठावर घेऊन जाईन.

आपला,
एक धरणग्रस्त शेतकरी, ता. करमाळा