धूर नव्हताच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दर थंडीत वर्तमानपत्रांत एक छोटी बातमी येते. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठलीच नाहीत. मथळा बहुधा ठरलेला असतो, ‘शेगडीच्या धुराने गुदमरून मृत्यू’. त्यातल्या ‘धूर’ या शब्दाबद्दल मला लिहायचं आहे, कारण फक्त धुरालाच भिऊन वागल्यामुळे आमच्या घरात अनर्थ ओढवणार होता, तो थोडक्यात टळला.

मागच्या जानेवारीत माझी लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. आम्ही ग्वाल्हेरला लष्कर नावाच्या भागात, जनकगंजाकडे फ्लॅटमध्ये राहतो. इथली थंडी ज्यांनी काढली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. त्यात बाळ अठरा दिवसांचं. आमच्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची. मीही माळ्यावरची लोखंडी शेगडी काढली, लाकडी कोळसा आणला, गच्चीत पेटवला. आईने शिकवलेलं तंतोतंत पाळलं: धूर पार निघून जाऊ द्यायचा, निखारे रसरशीत लाल झाले आणि वर राखेची पांढरी साय धरली की मगच शेगडी आत आणायची. निखाऱ्यांवर चिमूटभर ओवा टाकला. वारा लागू नये म्हणून खिडकी घट्ट लावली, दाराखालच्या फटीत जुनं लुगडं कोंबलं. शेजारी पाण्याचं पातेलंही ठेवलं, कारण पाणी वाईट हवा ओढून घेतं असं लहानपणापासून ऐकलेलं.

रात्री दोनच्या सुमारास लेक म्हणाली, “आई, डोकं फार ठणकतंय गं, मळमळतंय.” मला वाटलं पित्त झालं. माझंही कपाळ धरलं होतं, ते मी जागरणावर घातलं. मुलाने येऊन करोनात घेतलेलं ऑक्सिमीटर तिच्या बोटाला लावलं, आकडा आला ९८. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला आणि तो आपल्या खोलीत जाऊन झोपला. तासाभराने ती बाथरूमला जायला उठली आणि दोन पावलांत गुडघ्यांवर बसली. तिला धरायला उठले तर माझ्याच पायांत त्राण नाही. ओरडायला गेले, आवाज फुटेना. हाताला पातेलं लागलं ते उलटवलं. त्या आवाजाने मुलगा धावत आला, बाळाला उचलून बाहेर नेलं, दारं-खिडक्या सताड उघडल्या. दवाखान्यात तिघांनाही ऑक्सिजन लावला. देवाची कृपा, बाळ आज घरभर रांगतंय.

डॉक्टरांनी तेव्हा जे समजावलं ते मी वर्षभर भेटेल त्याला सांगते आहे. मारतो तो कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना झोंबत नाही. तो होतो लाल निखाऱ्यांतच. शेगडीच्या तळाशी कोळसा नीट जळून जो वायू तयार होतो, तो वरच्या तापलेल्या कोळशांतून येताना पुन्हा कोळशाशी मिळतो आणि त्याचं हे विष होतं. पेटत्या निखाऱ्यांवर निळसर ज्योत नाचते ना, ती हाच वायू जळत असल्याची. राखेची साय धरली की ती ज्योत विझते आणि वायू न जळता तसाच खोलीत पसरतो. म्हणजे आईने सांगितलेली ‘आता आत न्या’ची वेळ हीच धोक्याची! पाण्यात हा वायू जवळजवळ विरघळतच नाही, तेव्हा पातेलं बिनकामाचं. रक्तात तो ऑक्सिजनपेक्षा २०० हून अधिक पट घट्ट चिकटतो. आणि साध्या ऑक्सिमीटरला या वायूने भरलेलं रक्त नि ऑक्सिजनने भरलेलं रक्त यांतला फरकच कळत नाही. म्हणून ९८! ही गोष्ट घरोघर कळायला हवी, कारण करोनापासून ते यंत्र पुष्कळ घरांत आहे आणि त्याच्यावर आपला डोळे मिटून विश्वास आहे.

“आमच्या आज्यांनी जन्मभर शेगड्या वापरल्या, त्यांना कुठे काय झालं?” असं मला हमखास ऐकवलं जातं. माझं माहेर दौलतगंजातल्या वाड्यातलं. उंच छत, वर झरोके, कवाडांच्या फटींतून बोट जाईल, आणि बाळंतिणीची खोली चौकाकडे उघडणारी. तो वाडाच श्वास घ्यायचा. आज खिडक्यांना रबराच्या पट्ट्या असतात, आणि एवढं करून उरली ती फट मी माझ्या हाताने बुजवली होती. कोचिंगसाठी आलेली मुलं भाड्याच्या एवढ्याशा खोलीत राहतात. बिल वाढतं म्हणून घरमालक हीटर लावू देत नाहीत, मग तीही घमेल्यात कोळसे घेऊन बसतात. त्या मालकांना हात जोडून सांगणं आहे, बिलाचे पैसे मुलांकडून वेगळे घ्या, पण हीटर लावू द्या.

आपल्याला विनंती एवढीच की बातमीत ‘धूर’ लिहू नका, वायूचं नाव लिहा. डिसेंबर-जानेवारीत रोज किमान तापमान छापता, त्याखाली दोन ओळी टाका: शेगडी घेऊन झोपू नका. एकाच खोलीतल्या दोघातिघांचं एकदम डोकं दुखू लागलं तर आधी बाहेर मोकळ्या हवेत या आणि दवाखान्यात शेगडीचं नाव आवर्जून सांगा.

शेजारी पौषात बाळंतपण आहे. परवा तिथल्या आजींनी आमची शेगडी मागायला नातवाला पाठवलं. मी शेगडी दिली नाही, स्वतःच गेले. त्यांच्या स्वयंपाकघरात तव्यावर ओव्याची पुरचुंडी गरम करून बाळंतिणीला कसं शेकायचं ते दाखवून आले. घरोघरी जाणं या वयात माझ्याने होणार नाही. पेपर जातो.

आपली,
एक आजी
जनकगंज, लष्कर, ग्वाल्हेर