पान उलटून बघ

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू म्हणालास रत्नागिरीला पॉलिहाऊस टाकतोयस, प्लास्टिकच्या छपराखाली टोमॅटो लावणार, आणि मी नुसतं हो हो केलं कारण तेव्हा बोलवतच नव्हतं, म्हणून आता सगळं टाईप करतोय, नीट वाच.

माझा कुडाळचा टोमॅटोचा प्लॉट गेल्या श्रावणात रोगाने गेला. आधी खालच्या पानांवर पिवळट डाग, कडा कुठे संपते तेच कळेना असे. दुकानात म्हणाले करपा आहे, मी मॅन्कोझेब हे बुरशीनाशक मारलं, आठवड्याने परत मारलं. पण लवकर येणाऱ्या करप्याच्या डागात गोल गोल वलयं असतात रे, इथे ती नव्हतीच, आणि मी पान उलटून बघितलं नाही! उलटलं तेव्हा खाली चुलीवरच्या भांड्याला काजळी धरते तशी काळी लव. मग पानं वळली, सुकली आणि झाडालाच लोंबत राहिली. फळं दिसायला चांगली होती पण पानंच नाहीत तर ती पोसणार कशी.

हा ब्लॅक लीफ मोल्ड, पानाखाली काळी बुरशी धरणारा रोग. बुरशीचं नाव स्युडोसर्कोस्पोरा फुलिजेना, 1938 साली फिलिपिन्समधून पहिल्यांदा नोंदली गेली, म्हणजे आपल्यासारख्याच दमट उष्ण हवेतली. साधा लीफ मोल्ड वेगळा, त्याची लव ऑलिव्ह रंगाची आणि त्याला 22-24 डिग्री आवडतं, त्यामुळे त्याला रेझिस्टंट, म्हणजे तो रोग न धरणारं, म्हणून विकलेलं बी ह्या काळ्या बुरशीपुढे टिकेलच असं धरू नकोस. आपली ही बुरशी पानाच्या छिद्रांतून आत शिरते आणि डाग दिसायला दोनेक आठवडे जातात, तोवर तुला वाटतं सगळं छान चाललंय.

मला विचारशील तर खरं दुखणं कोंडलेली हवा. पांढरी माशी येऊ नये म्हणून आपण बारीक जाळी लावतो, ती हवीच, नाहीतर ती माशी आणते तो पानं वळवणारा लीफ कर्ल व्हायरस सगळं खातो, पण त्याच जाळीने वारा अडतो, रात्री हवा ओली होते आणि पहाटे प्लास्टिकला धरलेलं पाणी टपटप पानांवर पडतं. म्हणून छप्पर उंच घे आणि वर वारा जायला खिडकी ठेवच, त्यात पैसे वाचवू नकोस. झाडं लांब लाव, फुटवे काढ, पहिला घोस तोडला की खालची पानं काढून बाहेर नेऊन जाळ, आत टाकू नकोस. पाणी ठिबकने, तेही सकाळी.

आणि डाग दिसला की फोटो पाठव, पण पानाच्या खालच्या बाजूचा.

तुझाच